फुकटचं कुलूप

भाजीवालीने कोथिंबीर फुकट दिली तर आपण घेतो, पण आधी हुंगून बघतो. आपल्याकडे फुकटाला ही एवढी किंमत. मी कामाची शेवटची दहा-बारा वर्षं एक चांगली, भक्कम, बिनपैशाची वस्तू लोकांना देत होते, आणि लोक ती अशीच हुंगून, नाक मुरडून घेत होते. काही तर परत करून जायचे आणि तीच वस्तू दुसरीकडून रोकड मोजून आणायचे. मग मला येऊन दाखवायचे, "बघा कुंदाताई, ओरिजिनल घेतलं!"

ही वस्तू म्हणजे वेबसाइटचं कुलूप. आमच्या धंद्यात त्याला सिक्युरिटी सर्टिफिकेट म्हणतात. मी त्याला कुलूपच म्हणते, कारण सर्टिफिकेट म्हटलं की आपली माणसं फ्रेम शोधायला लागतात.

मी बारावी. अंधेरीच्या एमआयडीसीत एका गाळ्यात लग्नपत्रिका टाइप करायला लागले, तिथे कॉम्प्युटर भेटला. शिकवला कुणी नाही. मालक जेवायला गेला की मी बटणं दाबून बघायचे. बिघडायचं. तो यायच्या आत दुरुस्त करायचे. अशी शिकले. पत्रिकांवरून वेबसाइटवर कशी पोचले ते सांगत बसत नाही, त्यात काही रस नाही. पुढे नाहूरला घरूनच छोट्या गिऱ्हाइकांच्या वेबसाइट सांभाळायला लागले. बोरिवलीचं एक मंगल कार्यालय, घाटकोपरचे क्लासेस, दोन दवाखाने, आणि आमच्याच बिल्डिंगमागचं बायकांचं फराळ मंडळ.

आता हे कुलूप म्हणजे काय ते आधी सांगते. विकणारे लोक ते असं सांगतात की ऐकणारा घाबरून पाकीटच काढतो. तुम्ही वेबसाइटवर नाव-पत्ता-कार्डाचा नंबर लिहिता ना, तो मालकाच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचेस्तोवर दहा हातांतून जातो. कुलूप नसेल तर ते पोस्टकार्ड. पोस्टमनने वाचावं, वॉचमनने वाचावं, शेजारीण तर वाचणारच. कुलूप असलं की ते बंद पाकीट झालं. शिवाय पाकीट ज्या पत्त्यावर धाडलं त्याच दारात पडलं, मधल्या कुणी आपल्या दारावर तो नंबर रंगवून ते उचललं नाही, एवढी खात्री. संपलं. त्या दाराआड राहणारा माणूस सज्जन आहे की लफंगा, हे कुलूप सांगत नाही. लफंग्याच्या दारालाही कुलूप असतंच की. उलट चांगलं असतं.

ही सर्टिफिकेटं देणाऱ्या संस्था असतात, आणि प्रकार तीन. पहिल्यात ते एवढंच बघतात की वेबसाइटचा पत्ता तुमच्या ताब्यात आहे ना. सोसायटीच्या वॉचमनने म्हणावं, "फ्लॅट तुमचा? मग दार उघडून दाखवा." उघडलं, झालं काम. हे फुकट मिळतं. दुसऱ्यात तुमच्या संस्थेचे कागद मागतात, नोंदणी बघतात, कागदावरच्या फोनवर फोन करून खात्री करतात. तिसऱ्यात तेच, फक्त वकिलासारखं खोदून खोदून. या दोन्हींना पैसे पडतात. आणि हे नीट ऐका, कारण विकणारा हे तोंडातून काढत नाही: पाकीट तिन्हींचं सारखंच घट्ट बंद होतं. जास्त पैसे दिले म्हणून डिंक जास्त लागत नाही.

मग कोणतं घ्यायचं? तुमची एक वेबसाइट असेल, दुकान असेल, दवाखाना असेल, तर फुकटचं घ्या. ते तीन महिन्यांत संपतं, म्हणून आपोआप नवं होईल अशी सोय करून घ्या. एकाच नावाच्या पोटात दहा वेबसाइट असतील तर सगळ्या विंगांना एक किल्ली चालावी तसं एकच सर्टिफिकेट मिळतं, ते घ्या. तुम्ही बँक असाल, किंवा एखादी मोठी कंपनी कागद मागत असेल, तर दुसरं-तिसरं घ्या. झाला माझा सगळा शहाणपणा. एवढ्यासाठी लोक हॉटेलात सेमिनार भरवतात, वर समोसा-चहा देतात.

आणि गिऱ्हाइकं! घाटकोपरच्या क्लासवाल्या सरांनी मला सांगितलं, "मॅडम, ते कुलूप फार बारीक दिसतं. मोठं करा ना. आणि गोल्डन."

म्हटलं, "सर, ते मी काढलेलं नाही. ब्राउझर दाखवतो."

"मग ब्राउझरवाल्याशी बोला!"

शेवटी त्यांनी कुणाकडून तरी भलंमोठं सोनेरी कुलूप काढून घेतलं आणि पहिल्याच पानावर चिकटवलं. खाली 'शंभर टक्के सुरक्षित'. ती वेबसाइट दुसरीकडे हलवताना खरं सर्टिफिकेट गळालं, तरी सर खूश. दाराला कडी नाही, पण दारावर कुलुपाचं चित्र आहे. मुलांना हे विज्ञान शिकवत होते.

बोरिवलीच्या कार्यालयाच्या मालकांची तऱ्हा वेगळी. सर्टिफिकेटची एक गुप्त किल्ली असते, म्हणजे लांबलचक अक्षरांची एक फाइल. ती कुणाला द्यायची नाही, हाच तिचा सगळा धर्म. मी त्यांना बजावलं, "ही नीट जपून ठेवा." त्यांनी ती जपून ठेवली. कुठे? घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. चुलते, आत्या, दुबईचा मेहुणा, सगळे मिळून बेचाळीस माणसं. "हरवायला नको ना ताई. इतक्या जणांकडे असली की कुणाकडे तरी सापडेलच." मी ते सर्टिफिकेट रद्द करून दुसरं केलं. त्यांना वाटलं मी कामाला कंटाळले म्हणून चिडते.

हे झालं हसण्यावारी नेण्यासारखं. आता फराळ मंडळाचं सांगते, ते हसण्यावारी नेता येत नाही.

मंडळाच्या बावीस बायका. परदेशी मुलाबाळांना दिवाळीचा फराळ पाठवायचा असेल तर लोक त्यांच्या वेबसाइटवर ऑर्डर द्यायचे. पार्सल दिवाळीआधी पोचायचं तर ऑर्डर आधीच यायला हवी, म्हणजे गणपती गेले की पुढचे तीन आठवडे. वर्षाचा सगळा खेळ या तीन आठवड्यांत. चकलीवाली रेखा तर या दिवसांसाठी चार घरची पोळ्यांची कामं सोडून यायची. "कुंदाताई, सीझन बुडाला तर ती घरं काय मला परत घेणारेत?" असं ती दर वर्षी म्हणायची आणि दर वर्षी सोडायची. पाच वर्षं त्या वेबसाइटला मी फुकटचं कुलूप लावलेलं. आपोआप नवं व्हायचं, कुणाला पत्ताही लागायचा नाही. आपलं काम कुणाला कळलं नाही म्हणजे ते चांगलं झालं, हा आमच्या धंद्याचा शाप.

मंडळाची अध्यक्ष विजया. माझ्याच वयाची, वीस वर्षांची शेजारीण, मनाने लाख. पण तिला कुणी कमी लेखलं की संपलं. आणि नेमका असा माणूस तिला भेटला. पवईच्या कुठल्याशा कंपनीचा, चाळिशीचा, भर उकाड्यात टाय लावलेला. विजयाच्या हॉलमध्ये कमिटी बसली, त्याने लॅपटॉपवर तीन रंगांचे रकाने दाखवले. सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. मिठाईच्या दुकानातल्या बॉक्ससारखे. मग विचारलं, "आत्ता तुमच्याकडे कोणतं आहे?"

विजयाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "फुकटचं."

तो हसला. फार नाही, एवढंसंच. तेवढं पुरलं.

"आंटी, फ्रीवालं सर्टिफिकेट तर हॅकरलापण मिळतं."

"आणि पैसेवालं मिळत नाही? पैसे त्याच्याकडेच जास्त असतात."

"तसं नाही आंटी. आमच्यात कंपनीचं नाव व्हेरिफाय होतं. कस्टमरला ट्रस्ट येतो."

"कुठे दिसतं ते नाव? दाखव की. एखाद्या मोठ्या बँकेची वेबसाइट उघड आणि दाखव."

त्याने उघडली. वर पट्टीत काहीच नव्हतं. एके काळी हिरव्या अक्षरांत नाव यायचं, ते ब्राउझरवाल्यांनीच कधीचं काढून टाकलं, कारण त्याकडे कुणी बघतच नव्हतं. तो म्हणाला, "आता समोर दिसत नाही आंटी. पण आत असतं."

"देवासारखं का रे?"

रेखा फिसकन हसली. विजया हसली नाही. मी जिंकले असं मला वाटलं आणि तिथेच हरले. टायवाला गेल्यावर विजया म्हणाली, "तुझं सगळं बरोबर असेल गं. पण त्याच्यासमोर 'फुकटचं' कशाला म्हणालीस? आपण काय फुकटे आहोत?" ठराव झाला, गोल्ड घ्यायचं. त्यासाठी वेबसाइटही टायवाल्याच्या कंपनीकडे हलवायची.

मला राग आला. मी पासवर्ड कागदावर लिहून विजयाच्या हातात ठेवला. "घे. करा काय करायचं ते." हलवल्यावर माझं आपोआप नवं होणारं कुलूप बंद पडणार होतं. चालू असलेलं सर्टिफिकेट अमुक तारखेला संपतं, तेही मला ठाऊक होतं. ते मी विजयाला सांगितलं. एकदाच, चपला घालता घालता. दुसऱ्यांदा सांगितलं नाही. मी फुगून बसले होते ना.

वेबसाइट हलली. गोल्डचे पैसे भरायचे राहिले. का, तर पितृपक्ष लागला. या पंधरवड्यात नवीन वस्तू घ्यायची नाही. विजयाने टायवाल्याला सांगितलं, घटस्थापनेला सकाळी भरते. तो "नो प्रॉब्लेम मॅडम" म्हणाला. त्याला काय. पंधरवड्याच्या चौथ्या दिवशी जुनं सर्टिफिकेट संपलं.

सर्टिफिकेट संपलं की वेबसाइट बंद पडत नाही. बंद पडली असती तर बरं, लोकांनी फोन करून विचारलं असतं. तिच्याऐवजी एक पान येतं. लाल त्रिकोण, आणि इंग्रजीत असं काही लिहिलेलं की तुमची माहिती चोर पळवतील. घरचा फराळ घ्यायला गेलेल्या माणसाला दारातच कुणी सांगावं, आत दरोडेखोर आहेत. दोन दिवस एकही ऑर्डर आली नाही. तिसऱ्या दिवशी रेखा माझ्या दारात.

"कुंदाताई, मागच्या वर्षी एव्हाना माझी शंभर किलोची भाजणी ठरली होती. यंदा दोन दिवस झाले, शून्य. मी ती पोळ्यांची घरं सोडून बसलेय. काय ते करा ना."

मी तडक विजयाकडे गेले. म्हटलं, "फुकटचं लावते परत. दहा मिनिटांचं काम."

"पितृपक्षात?"

"अगं, विकत कुठे घेतोय? फुकट आहे."

"नवीन तर आहे ना?"

"ऑर्डर घेताय त्या नव्या नाहीत? पैसे येतात ते चालतात, जायचेच तेवढे चालत नाहीत? तुझे पितर काय वेबसाइट बघायला येतात?"

हे मी बोलायला नको होतं. तिच्या सासूबाई त्याच वर्षी गेल्या होत्या. विजया उठून आत गेली आणि पाणी घेऊन आली. मला दिलं. मग म्हणाली, "बरं, लाव."

मी टायवाल्याला फोन केला. आता किल्ल्या त्याच्याकडे होत्या. तो म्हणाला, "सॉरी आंटी, आमच्या प्लॅनमध्ये फ्री सर्टिफिकेट सपोर्ट करत नाही." सपोर्ट करत नाही म्हणजे करू देत नाही. फुकटचं दहा मिनिटांत लागलं तर गोल्ड कोण घेणार? त्याला चार शब्द सुनावले, ते इथे छापता येणार नाहीत. वेबसाइट परत आणते म्हटलं तर त्याचेही सोपस्कार आठ-दहा दिवसांचे. तेवढ्यात सीझन उरकला असता.

तेव्हा विजया म्हणाली, "तूच म्हणतेस ना, नुसती तारीख संपलीय, बाकी धोका नाही?"

"नाही. आपल्यापुरता नाही."

"मग लोकांना सांगू या ना तसं. जुनी गिऱ्हाइकं सगळी व्हॉट्सॲपवर आहेत. तू इतकं छान समजावतेस, लिही की चार ओळी."

मी नाही म्हणाले. हेही एकदाच. मग लिहायला बसले. खोटं कशाला सांगू, लिहिताना मजा आली. आयुष्यभर कुणी म्हणालं नव्हतं, कुंदा, तू छान समजावतेस. मी लिहिलं:

"नमस्कार. आपल्या फराळाच्या पानावर लाल त्रिकोण दिसला तर घाबरू नका. खाली बारीक अक्षरात 'ॲडव्हान्स्ड' असं लिहिलंय, ते दाबा. मग त्याच्याही खाली आणखी बारीक अक्षरात एक ओळ येईल, ती दाबा. पान उघडेल. इंग्रजीत काय लिहिलंय ते वाचत बसू नका, ते उगाच घाबरवतात. पहिल्यांदा भीती वाटेल, मग सवय होते."

सोबत तीन चित्रं. कुठे बोट ठेवायचं तिथे मी लाल गोल काढला होता.

मेसेज गेला आणि संध्याकाळपर्यंत अकरा ऑर्डर. दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त. लोकांनी तो मेसेज पुढे पाठवला, त्यामुळे नवी गिऱ्हाइकंही आली. रेखाने भाजणी दळायला टाकली. रस्त्यात बायका मला थांबवून सांगायच्या, "ताई, माझ्या नवऱ्याला जमलं नाही, मला जमलं!" टायवाल्याला मात्र मी सणसणीत कळवलं, तुझ्या गोल्डचं काम माझ्या चार ओळींनी केलं. किती मिरवलं मी!

घटस्थापनेला पैसे भरले. मग गोल्डची तपासणी. सर्टिफिकेटवाले मंडळाच्या नोंदणीतल्या फोनवर फोन करून खात्री करतात, हे मी वर सांगितलंच. नोंदणीतला फोन म्हणजे विजयाच्या घरचा लँडलाइन. तो उचलायचा मान तिच्या सासऱ्यांचा. आबा पंच्याऐंशीचे, गिरणीत आयुष्य गेलेलं, बोलणं अजून पक्कं मालवणी. पलीकडून कुणीतरी इंग्रजीत मंडळाचं नाव घ्यायचं, आबा गरजायचे, "माका लोन नको! परत फोन केलंस तर बघ, मेल्या!" आणि आपटायचे. असं तीनदा झालं. टायवाल्याचा मेल आला, संस्थेचं अस्तित्व सिद्ध होत नाही.

बावीस बायका सकाळपासून कढया घेऊन बसल्यात, अख्ख्या नाहूरला चकलीचा वास येतोय, आणि संस्थेचं अस्तित्व सिद्ध होत नाही!

शेवटी त्या फोनशेजारी मी दोन दिवस खुर्ची टाकून बसले. आबा विचारायचे, "तू कित्याक बसलंस गो हय?" म्हटलं, "आबा, फोन यायचाय." ते म्हणाले, "लोनवाल्याचो काय?" तिसऱ्या दिवशी आला. विजयाने घेतला आणि घाबरून सगळ्या प्रश्नांना 'येस' म्हणाली. अस्तित्व सिद्ध झालं. दसरा होऊन गेला होता, परदेशच्या पार्सलांची मुदत संपत आली होती, तेव्हा गोल्ड लागलं. वर पट्टीत काय दिसलं? जे आधी दिसत होतं तेच. विजयाने सर्टिफिकेटचा प्रिंट काढून लॅमिनेट करून घेतला आणि भाजणीच्या डब्यांच्या वर, भिंतीला लावला. काडीचाही उपयोग नाही. पण आता तिला कुणी फुकटी म्हणणार नव्हतं.

पार्सलं वेळेत गेली. रेखाची चकली तर संपली. सीझन वाचला.

दिवाळी होऊन महिना झाला असेल. मुलुंडच्या पाटणकर बाईंचा फोन आला. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, ऐंशीच्या पुढच्या, एकट्या राहतात. मुलाला दर वर्षी मंडळाचा फराळ पाठवतात. वेबसाइटवर अडलं की मला विचारायच्या, तशी ओळख.

"अगं कुंदा, जरा विचारायचं होतं. विजेच्या बिलाचा मेसेज आला होता. आज भरलं नाही तर वीज कापणार म्हणे. त्यातल्या लिंकवर गेले तर ते तुझं लाल पान आलं."

"बाई, मग काय केलंत?"

"काय करणार, तू सांगितलंस तसंच केलं. खाली बारीक अक्षरं होती, ती दाबली. या वेळी सगळं पानच लाल होतं गं, नुसता त्रिकोण नव्हता. मला वाटलं, रंग बदलला असेल. इंग्रजी काही वाचलं नाही. मग बँकेचं सगळं भरलं. आता बँकवाले म्हणतात, खात्यात काही नाही. असं कसं होईल?"

तो अख्खा लाल पडदा ब्राउझर उगाच दाखवत नाही. ही जागा चोरांची आहे हे त्याला माहीत असतं, तेव्हाच तो आडवा पडतो. वाटेत आडवं पडलेल्याला ओलांडायचं कसं, ते मी बाईंना शिकवलं होतं. चित्रं काढून.

मी रिक्षा केली आणि मुलुंडला गेले. बँकेत, मग पोलिसात, सगळीकडे त्यांच्यासोबत बसले. तक्रार लिहून घेतली. तिथला साहेब चांगला होता. त्याने बाईंना विचारलं, "आजी, इतका मोठा इशारा आला होता, तरी पुढे कशा गेलात?" बाई माझ्याकडे बघून हसल्या आणि त्याला म्हणाल्या, "चुकून." मी तिथे काहीच बोलले नाही. बोलायला हवं होतं. पैसे आजवर परत आलेले नाहीत.

मंडळाच्या सगळ्या गिऱ्हाइकांना मी दुसरा मेसेज लिहिला, की पहिला पुसून टाका, ते पान आलं की मागे फिरा, आमचं पान असलं तरी मागे फिरा. तोही सोपाच लिहिला होता. तो कुणी पुढे पाठवला नाही. पहिला अजून फिरतोय. परवा मला अंधेरीच्या एका बाईकडून आला, 'उपयुक्त माहिती' म्हणून.

टायवाल्याला मी खूप नावं ठेवली. विजयाच्या पितृपक्षाला, क्लासवाल्या सरांच्या सोनेरी कुलपाला, सगळ्यांना ठेवली, आणि अजून ठेवते, ठेवायलाच हवीत. पण त्या सगळ्यांनी मिळून एकाही म्हाताऱ्या माणसाला लाल पान ओलांडायला शिकवलं नाही. ते मी शिकवलं.

त्या दिवशी पोलिस ठाण्यातून घरी परत आल्यावर बाईंनी चहा टाकला. मी पाणी प्यायला आत गेले. फ्रिजच्या दारावर माझा मेसेज होता. सोसायटीखालच्या झेरॉक्सवाल्याकडून अक्षरं मोठी करून आणलेला, चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी. माझे लाल गोल काळे आले होते, म्हणून बाईंनी ते लाल स्केचपेनने पुन्हा गिरवले होते.

मी नखाने एक कोपरा सोडवायला लागले, तर बाई मागून म्हणाल्या, "राहू दे गं तो, काढू नकोस. इतकं सोपं करून मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं."